गुणांच्या पुढचा अर्ज: मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची तयारी, टप्प्याटप्प्याने

प्रवेश दोन तऱ्हेचे असतात आणि दोन्हींची तयारी वेगळी असते. पहिल्या तऱ्हेत संगणक गुणांची यादी लावतो आणि वरून खाली जागा वाटत जातो. माटुंग्याचं व्हीजेटीआय, शेजारचं आयसीटी, परळचं जी. एस. मेडिकल, भायखळ्याचं ग्रँट, चर्चगेटच्या जेबीआयएमएसचा एमएमएस हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, अशा ठिकाणी सीईटी, जेईई किंवा नीटचा आकडा आणि तुमचा प्रवर्ग बोलतो. एकांकिका स्पर्धेत तुम्ही बक्षीस मिळवलंत की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. दुसऱ्या तऱ्हेत कुणीतरी माणूस तुमचा अर्ज उघडून वाचतो. परदेशी विद्यापीठं, आयआयएमच्या मुलाखती, अशोका किंवा अझीम प्रेमजीसारखी खासगी विद्यापीठं, जे. एन. टाटा एंडोमेंट किंवा चेवनिंगसारख्या शिष्यवृत्त्या ही सगळी दुसऱ्या तऱ्हेची.

आपल्याकडे घोळ होतो तो असा, की पहिल्या तऱ्हेच्या सवयी घेऊन मुलं दुसऱ्या तऱ्हेचा अर्ज भरतात. बालवाडीपासून गुणांवर तोललं गेल्यामुळे निबंध आणि शिफारसपत्रं त्यांना शोभेची वाटतात. मग शेवटच्या आठवड्यात कुणा सीनियरचा जुना एसओपी (हा अभ्यासक्रम का हवा ते सांगणारं निवेदन) व्हॉट्सॲपवर मागवला जातो, नावगाव बदललं जातं आणि अर्ज जातो. वाचणाऱ्याला तुमची विशेषणं नको असतात, पुरावे हवे असतात. लिहायला काही आठवडे पुरतात, पुरावे जमवायला महिने जातात. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत.

आधी पहिली तऱ्हा उरकू

राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांमध्ये पर्याय भरताना घरोघरी गेल्या वर्षीचे कटऑफ समोर घेऊन बसतात आणि ‘मिळण्यासारखं असेल ते वर’ असा क्रम लावतात. हे उलटं आहे. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या गुणांत बसणारा पहिला पर्याय देते. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. तेव्हा क्रम लावायचा आवडीप्रमाणे, आणि यादी किती लांब करायची ते कटऑफ पाहून ठरवायचं. मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो पक्का धरला जातो, पुढच्या फेरीत बदल मिळत नाही. म्हणून ‘बघू तरी’ या भावनेने पहिल्या ओळीत काही लिहू नये. नियमपुस्तिका दरवर्षी नवी येते, ती स्वतः वाचा. क्लासवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारी पीडीएफ कधी कधी मागच्या वर्षीची असते.

वैद्यकीयसाठी नीटच्या गुणांवर सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी (एमसीसी) भरते, ८५ टक्के राज्य भरतं. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी लागते. एक केली की दुसरी आपोआप होते, असं समजणारे दरवर्षी भेटतात.

कागद: नाव, तारखा आणि नमुने

या भागाचा सगळ्यांनाच कंटाळा येतो, पण चांगले अर्ज इथेच अडकतात. म्हणून यावर जरा थांबतो.

पहिली गोष्ट नावाची. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर बहुधा आडनाव शेवटी. पासपोर्टवर दोनच रकाने, त्यातही वडिलांचं नाव तुमच्या नावाला चिकटून येतं किंवा येतच नाही. आणि परदेशी फॉर्मवर रकाने तीन: फर्स्ट, मिडल, लास्ट. मुलगा घाईत गुणपत्रिका पाहून भरतो आणि आडनाव पहिल्या रकान्यात जातं. त्यात एका कागदावर आडनाव डबल ‘ओ’ने, दुसऱ्यावर ‘यू’ने. विद्यापीठाच्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. परीक्षेचे गुण एका खात्यात, अर्ज दुसऱ्या खात्यात, आणि तुम्ही ‘इनकम्प्लीट’ असा शेरा बघत बसता.

यावर उपाय म्हणजे पासपोर्टला प्रमाण धरा. पासपोर्ट नसेल तर अर्जाच्या वर्षाच्या कितीतरी आधी काढा आणि काढताना दहावीच्या गुणपत्रिकेशी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. टोफेल, जीआरई, जीमॅट, सगळ्यांची नोंदणी पासपोर्टवर आहे त्याच नावाने. केंद्रावर ओळखपत्र जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि शुल्क बुडतं. आधारमधली दुरुस्ती तुलनेने सोपी, बोर्डाच्या गुणपत्रिकेतली सर्वांत किचकट, म्हणून ती आधी तपासा.

दुसरी गोष्ट प्रवर्गाच्या दाखल्यांची. राज्याच्या प्रवेशासाठी लागणारं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आणि केंद्राच्या प्रवेशासाठी लागणारं ओबीसी प्रमाणपत्र यांचे नमुने वेगळे आहेत. आयआयटी, नीटचा अखिल भारतीय कोटा, केंद्रीय विद्यापीठं ही केंद्राचा नमुना मागतात आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. राज्याचं प्रमाणपत्र नियमपुस्तिकेत दिलेल्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. राज्यात एसईबीसीतून (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) अर्ज करणारी मुलं केंद्राच्या ओबीसी यादीत येत नाहीत. उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे निकष बसत असतील तर तिथे ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) विचार करावा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावी सुरू असतानाच, कॉलेजमार्फत टाका. निकालानंतर समितीच्या दारात रांग लागते.

दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर होतात, पण त्रुटी निघाली की फेरी मारावीच लागते. उपनगरवाल्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला, शहरवाल्यांसाठी फोर्टात. आपण कुठल्या जिल्ह्यात मोडतो हे आधी पाहा. माहीमपर्यंत शहर, वांद्र्यापासून उपनगर. पूर्वेला सायनपर्यंत शहर.

तिसरी गोष्ट ट्रान्सक्रिप्टची. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांना ती कलिन्याच्या विद्यानगरीतल्या परीक्षा भवनातून मिळते. स्वायत्त कॉलेजं बहुधा स्वतः देतात. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, एखाद्या विषयात केटी (नापास विषयाची फेरपरीक्षा) लागली असेल तर त्याचीही, एकत्र करून ठेवा. २०१७ साली ऑनलाइन पेपर तपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन् महिने लांबले आणि परदेशी जाणाऱ्यांची तारांबळ उडाली. ते वर्ष टोकाचं होतं, तरी ट्रान्सक्रिप्टला हाताशी दोन महिने ठेवावेत. आणि सीजीपीए स्वतः चारच्या पट्टीवर बदलू नका. फॉर्म सांगत नसेल तर मूळ आकडा, मूळ पट्टीसकट लिहा. जर्मनीला जायचं असेल तर एपीएस या कागदपत्रं पडताळणाऱ्या जर्मन केंद्राचं प्रमाणपत्र लागतं, त्याची सुरुवात अर्जाच्याही आधी.

अकरावी वाया घालवू नका

बारावीनंतर थेट परदेशी पदवीला जाणाऱ्यांसाठी ही सूचना. मुंबईत अकरावी म्हणजे क्लासचं वर्ष. कॉलेजात हजेरी नावापुरती आणि वार्षिक परीक्षा ‘पास झालं की झालं’. अमेरिकन विद्यापीठं मात्र नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात. दहावीला ९४, बारावीच्या अंदाजात ९० आणि मध्येच अकरावीला ५८ दिसले की वाचणारा थबकतो. त्याला क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजची भानगड माहीत नसते. ज्यांची अकरावी आधीच अशी गेली आहे, त्यांनी अर्जातल्या ‘अतिरिक्त माहिती’च्या जागेत तीन-चार वाक्यांत कारण लिहावं. कारण लिहायचं, सबबी नाहीत.

याच अर्जात शाळेच्या समुपदेशकाचं पत्र लागतं. आपल्या ज्युनियर कॉलेजात असं पद क्वचितच असतं. उपप्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना भेटून हे काम त्यांच्याकडे सोपवता येतं. त्यांनी हा फॉर्म आयुष्यात पाहिलेला नसण्याची शक्यता धरा आणि लिंक उघडून कुठे काय भरायचं, ते शेजारी बसून दाखवा.

यादी करताना खर्च आधी, नाव नंतर

आठ-दहापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करू नये, असं माझं मत आहे. अमेरिकन विद्यापीठांचं अर्जशुल्क बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास असतं, पण खरा खर्च वेळेचा. पंधरावा निबंध पहिल्यासारखा होत नाही.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: तिथला नेमका अभ्यासक्रम, वर्षाचा एकूण खर्च राहण्याखाण्यासकट, आणि तुमच्यासारखी पार्श्वभूमी असलेली मुलं तिथे गेली आहेत का. तिसऱ्याचं उत्तर विभागाच्या संकेतस्थळावर आणि लिंक्डइनवर सापडतं. पदवीसाठी आर्थिक मदत हवी असेल तर फरक समजून घ्या. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता निवड करतात आणि मग गरजेप्रमाणे मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागणं निवडीवर परिणाम करतं. आणि ‘अर्ली डिसिजन’चा, म्हणजे लवकरच्या फेरीतला, अर्ज बांधील असतो, प्रवेश मिळाला की तिथेच जावं लागतं. पैशाचं गणित घरात झालेलं नसेल तर तो पर्याय निवडू नका.

गणित करताना एक मुंबईकर अडचण लक्षात घ्या. शैक्षणिक कर्जासाठी घर तारण ठेवायचं म्हणतात, पण गिरगाव, दादर, लालबागची कितीतरी घरं पागडीची. भाडेकरू हक्काची खोली बँक सहसा तारण म्हणून घेत नाही, तिची बाजारात कितीही किंमत असो. पुनर्विकासात गेलेल्या इमारतीचंही तसंच, ताबा आणि कागद हातात येईपर्यंत. हे मार्चमध्ये प्रवेश हातात आल्यावर कळण्यापेक्षा आदल्या जुलैत बँकेत जाऊन विचारलेलं बरं. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देतं आणि तिचं कार्यालय आपल्याच शहरात आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला जागतिक क्रमवारीची अट आहे. विद्यापीठांची यादी करतानाच ती अट तपासा.

पुराव्यांची वही

निबंधाला हात घालण्याआधी एक वही करा. गेल्या चार-पाच वर्षांत तुम्ही जे जे केलं ते त्यात उतरवा, मोठं-छोटं न ठरवता. प्रत्येक गोष्टीखाली चार प्रश्न: आधी परिस्थिती काय होती, मी नेमकं काय केलं, काय बदललं, कुणाला विचारलं तर तो साक्ष देईल?

इथे मराठी घरातली एक खोड आडवी येते. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करायचं नाही, हा संस्कार. त्यामुळे मुलं एकतर काहीच सांगत नाहीत, नाहीतर इंग्रजीत लिहायला लागली की एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन ‘पॅशनेट’, ‘डायनॅमिक’, ‘बॉर्न लीडर’ होतात. वही या दोन्हींवर उतारा आहे, कारण तिच्यात कौतुकाला रकानाच नाही.

एक उदाहरण घेऊ. एका मुलाने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं: ‘आमच्या गणेशोत्सव मंडळात काम करताना माझ्यात नेतृत्वगुण विकसित झाले.’ असं कुणीही लिहू शकतो. वहीसाठी प्रश्न विचारत गेल्यावर निघालं ते असं. मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकं वेगवेगळ्या कार्यकर्त्यांकडे असायची. विसर्जनानंतर हिशोबात दरवर्षी तूट, आणि तूट आली की एकमेकांवर संशय. याने पुस्तकं देतानाच कुणाकडे कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत पावत्या गेल्या, याची नोंद ठेवली आणि दर रविवारी रात्री स्थळप्रत आणि रोकड जुळवायची प्रथा पाडली. एका ज्येष्ठ काकांना हा अविश्वास वाटला. त्यांनी पुस्तक परत केलं आणि आठवडाभर बोलले नाहीत. मग याने स्वतःच्या पुस्तकाचा हिशोब सगळ्यांसमोर पहिल्यांदा तपासायला दिला. त्या वर्षी पैसा न् पैसा जुळला. पोरगा एमबीएला अर्ज करत होता आणि हे सगळं त्याला ‘सांगण्यासारखं’ वाटलंच नव्हतं.

निबंध

वेगवेगळ्या अर्जांत निबंधाचं माप वेगळं. अमेरिकन पदवीच्या कॉमन ॲप या सामायिक अर्जात मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. ब्रिटनच्या यूकास या प्रवेश यंत्रणेने २०२६ च्या प्रवेशापासून सलग निवेदन काढून तीन प्रश्न दिले आहेत: हाच विषय का, शिक्षणाने तुम्हाला त्यासाठी कसं तयार केलं, आणि वर्गाबाहेर काय केलंत. मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. मास्टर्स-पीएचडीचा एसओपी बहुधा एक ते दोन पानांचा आणि पूर्णपणे विषयाबद्दलचा.

हा फरक मुलं विसरतात. कॉमन ॲपला ‘तुम्ही कोण’ हवं असतं, तिथे आजीबरोबर भाजी निवडतानाचा प्रसंगही चालतो. यूकासला आजी नको, वाचलेलं पुस्तक आणि त्यावरचा तुमचा विचार हवा. एसओपीला प्रकल्प, पद्धत, काय फसलं, पुढे काय शिकायचं आणि ते याच विभागात का, एवढंच हवं.

एसओपीचं एक उदाहरण जवळून बघू. स्थापत्य अभियांत्रिकीची एक मुलगी, पाण्याच्या निचऱ्यावर मास्टर्स करायचं. पहिल्या खर्ड्याची सुरुवात २६ जुलै २००५ ने, सांताक्रूझला २४ तासांत पडलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाने. मुंबईतून पाण्यावर अर्ज करणाऱ्याच्या लेखात हा आकडा हमखास असतो. त्यात तिचं काय होतं? ती तेव्हा रांगत होती.

तिच्याकडे सांगण्यासारखं वेगळंच होतं. घर हिंदमाताच्या जवळ, बशीसारख्या खोलगट भागात. दोन पावसाळे तिने इमारतीबाहेरच्या खांबावर खडूने पाण्याची पातळी आणि वेळ टिपली होती, कॉलेजच्या प्रकल्पासाठी. ती नोंद तिने भरतीच्या वेळापत्रकाशी आणि पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहिली. तिचा अंदाज होता की पाणी भरतीलाच तुंबतं. निम्म्या वेळा तसं दिसलं नाही. ओहोटीतही, कमी वेळात जोराचा पाऊस झाला की पाणी साचत होतं. मग ती नाल्यांच्या क्षमतेकडे वळली. जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली आणि पालिकेच्या ब्रिमस्टोवॅड या नाले सुधारण्याच्या प्रकल्पात ती ५० वर न्यायचं ठरलं, हे तिला तेव्हा वाचनात सापडलं. पालिकेने परळ-दादरला जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्यावर तिच्या नोंदीत काय बदललं, हाही एक परिच्छेद झाला.

दुसरा खर्डा तिने खडूच्या रेघेने सुरू केला, चुकलेल्या अंदाजावर अर्धं पान दिलं आणि शेवटी लिहिलं की खांबावरची एक नोंद म्हणजे विदा (डेटा) नव्हे, मला शहरभरच्या संवेदकांची (सेन्सर) माहिती घेऊन प्रारूप (मॉडेल) कसं करतात ते शिकायचंय, आणि तुमच्या विभागात अमुक गट हेच करतो. २००५ चा उल्लेख राहिलाच नाही. कुणाला त्याची उणीवही भासली नाही.

लिहिताना काही गोष्टी सांभाळा. पहिलं वाक्य ‘लहानपणापासून मला’ असं नको. कुठल्याही थोर माणसाचं अवतरण नको, ते त्यांचं वाक्य आहे. गरिबी, आजारपण, घरातली ताणाताणी लिहायची असेल तर लिहा, पण ती दया यावी म्हणून नसावी. तुम्ही तिच्यात राहून काय केलं, इकडे निबंधाचा भार असू द्या. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, हे वर्णन झालं. रात्री साडेदहानंतर टीव्ही बंद झाल्यावर अभ्यास करता यावा म्हणून तुम्ही दिवसाचं वेळापत्रक कसं फिरवलंत, तो पुरावा झाला. मराठी माध्यमातून आला असाल तर लपवू नका आणि त्याचं भांडवलही करू नका. अकरावीला भौतिकशास्त्राच्या संज्ञा नव्याने कशा शिकलात, हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं असतं.

खर्डा आधी मराठीत बोला. अगदी मोबाइलवर रेकॉर्ड करा, मित्राला सांगतो तसं, आणि त्यातला मजकूर इंग्रजीत साध्या वाक्यांत उतरवा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की पाठ केलेली वाक्यं येतात. मग चॅटजीपीटीचं काय? चूक शोधायला, एखादं वाक्य अडखळतंय का ते पाहायला वापरलं तर फार बिघडत नाही, पण त्याच्याकडून लिहून घेतलेला मजकूर आपला म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक ठरते, आणि यूकास मजकुरातलं साम्य तपासतं. नियम बाजूला ठेवले तरी असा निबंध वाचून वर्णन कोणाचं आहे ते कळत नाही, आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न आला की मुलं गांगरतात.

उपक्रमांची यादी

कॉमन ॲपमध्ये दहा जागा, प्रत्येकीला वर्णनासाठी फक्त १५० अक्षरं. तेव्हा क्रियापदाने सुरुवात आणि आकडा. ‘सामाजिक कार्यात सहभाग’ हे काहीच सांगत नाही. ‘वस्तीतल्या १४ मुलांना शनिवारी गणित, ९ जण नववी उत्तीर्ण’ हे सांगतं. घरची कामं, वडिलांच्या दुकानात बसणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं हेही उपक्रमच, आणि वाचणारे ते गंभीरपणे घेतात. सुट्टीत पैसे भरून घेतलेलं ‘लीडरशिप’ शिबिराचं प्रमाणपत्र त्यापुढे फिकं पडतं. आणि महिनाभराच्या एनजीओ इंटर्नशिपा, ज्यात फोटो जास्त आणि काम कमी, त्यांचा तर वाचणाऱ्यांना वीट आलेला असतो.

शिफारसपत्रं

कुणाकडे जायचं? पदावरून ठरवू नका. ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्यांच्याकडे जा. प्राचार्यांच्या ‘हा विद्यार्थी होतकरू आहे’पेक्षा प्रयोगशाळेत तुमच्याबरोबर उपकरण दुरुस्त करत बसलेल्या सहायक प्राध्यापकांचं पत्र कितीतरी पटीने वजनदार. आमदार-नगरसेवकांचं पत्र आणूच नका.

आता खरी अडचण. पुष्कळदा उत्तर येतं: “अरे, तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.” वर्गात सव्वाशे मुलं असलेल्या शिक्षकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण तुम्ही लिहिलेली तीन पत्रं तुमच्याच एसओपीच्या भाषेत बोलतात आणि ते ओळखू येतं. तेव्हा म्हणा, “सर, मी मुद्दे काढून आणतो, भाषा तुमचीच राहू दे.” मग एक फोल्डर द्या. त्यात तुमचे त्यांच्या विषयातले गुण आणि सत्र, त्यांच्या हाताखाली केलेल्या प्रकल्पाचा एक पानाचा गोषवारा, त्यांना आठवेल असा एखादा प्रसंग, तुमच्या एसओपीचा खर्डा, विद्यापीठांची नावं आणि अंतिम तारखा. तारीख खऱ्या तारखेच्या दहा दिवस अलीकडची सांगा. एवढं करूनही त्यांना वेळ नसेल, तर राग न धरता दुसऱ्या शिक्षकांकडे जा.

पत्राची लिंक ईमेलवर जाते. शक्यतो कॉलेजचा अधिकृत पत्ता द्या, खासगी जीमेल असेल तर काही विद्यापीठं फेरतपासणी करतात. लिंक गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅडमना सांगा की स्पॅममध्ये पाहा. आणि फॉर्ममध्ये ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडतो’ या चौकटीवर खूण करा. तसं केलेल्या पत्राला जास्त विश्वास मिळतो. कामावरच्या साहेबांकडून पत्र घेत असाल तर नोकरी सोडायचा विचार कळेल ही भीती असते. अशा वेळी आधीच्या कंपनीतले वरिष्ठ चालतात.

मुलाखत

आयआयएममध्ये कॅटचा पर्सेंटाइल तुम्हाला मुलाखतीपर्यंत नेतो. पुढे दहावी-बारावी-पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि मुलाखत यांची बेरीज होते, प्रत्येक संस्थेचं वजन वेगळं. पवईची जुनी नीटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली, त्यामुळे घराजवळही पर्याय आहे.

तयारी दोन गोष्टींची करा. पहिली, तुमचा पदवीचा विषय. बी.कॉम. झालात तर घसाऱ्याचा नफ्यावर काय परिणाम होतो आणि रोख प्रवाहावर काय, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं. नोकरीत तीन वर्षं झाली म्हणून कॉलेजचं विसरलो, हे उत्तर चालत नाही. दुसरी, तुम्ही राहता ती जागा. लालबाग-परळचे असाल तर १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप, त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, यावर स्वतःचं मत हवं. धारावी-सायनचे असाल तर पुनर्विकासावर. फॉर्मवर छंद ‘वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कुठलं, हा प्रश्न येणार आणि मराठी पुस्तक असेल तर बेलाशक तेच सांगा.

उच्चारांची फार काळजी करू नका. वाक्य लहान ठेवा, सुचत नसेल तर दोन सेकंद थांबा. सराव करायला क्लासची गरज नाही. विषय न कळणारी एक व्यक्ती, म्हणजे मावशी किंवा शेजारचे काका, आणि विषय कळणारा एक मित्र, एवढे पुरतात. मावशीला कळलं नाही ते पॅनेललाही तुम्ही नीट सांगितलेलं नसतं.

शेवटचा महिना आणि नंतर

अमेरिकन मास्टर्सच्या बहुतेक तारखा डिसेंबरच्या पूर्वार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. पदवीच्या ‘अर्ली’ फेऱ्या बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधलं वैद्यकीय १५ ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडे दिवाळी-दसऱ्याच्या गडबडीत. न्यूयॉर्कच्या रात्रीचे ११:५९ म्हणजे हिवाळ्यात आपल्या दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९, पण काही फॉर्म अर्जदाराच्या स्थानिक वेळेप्रमाणे बंद होतात. तेव्हा मुंबईची तारीख हीच अंतिम धरा.

पाठवण्याआधी अर्जाची पीडीएफ काढून कागदावर वाचा. पडद्यावर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात, विशेषतः एका विद्यापीठाच्या निबंधात राहून गेलेलं दुसऱ्याचं नाव. मग अर्ज, गुण, पत्रं, ट्रान्सक्रिप्ट हे चारही पोहोचल्याची खूण पोर्टलवर येईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी पाहत राहा.

प्रतीक्षायादीत नाव आलं तर महिन्याभरात एक छोटं पत्र पाठवता येतं. त्यात अर्जानंतर घडलेलं नवीन तेवढं लिहा: शेवटच्या सत्राचे गुण, संपलेला प्रकल्प, नोकरीतली बढती. आणि इथलं एखादं कॉलेज हाताशी म्हणून घेतलं असेल तर दोन गोष्टी पाहून ठेवा. प्रवेश रद्द करून शुल्क परत मिळण्याची शेवटची तारीख आणि मूळ कागद. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजने ठेवून घ्यायचा नाही, तपासून परत द्यायचा, असा यूजीसीचा नियम आहे. खिडकीवर कुणी नाही म्हटलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.